तपकिरी बाटली, पांढरी बाटली

माझ्याकडे काचेच्या आठ बाटल्या आहेत. प्रत्येकी 300 मिलीच्या, घासलेल्या काचेचं बूच असलेल्या. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागातून प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून निवृत्त झालो, त्या वर्षी भंगाराची यादी निघाली आणि तिच्यात या बाटल्या होत्या. रीतसर पैसे भरून, पावती घेऊन मी त्या घरी आणल्या. बायकोला वाटलं, लोणच्यासाठी आणल्या. त्यांत इतकी वर्षं नदीचं पाणी भरलेलं आहे हे कळल्यावर तिनं त्यांना स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. तेव्हापासून त्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीमागे असतात.

या बाटल्यांचं काम एकच. पाण्यात विरघळलेला प्राणवायू पकडायचा. बाटली पाण्याखाली तिरकी धरून काठोकाठ भरायची, आत एक बुडबुडा राहता कामा नये. पिपेटचं टोक पाण्यात बुडवून आधी मँगनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कली-आयोडाइड. बूच लावून बाटली दहा-पंधरा वेळा उलटीसुलटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर बघता बघता तपकिरी साका धरतो, नाचणीच्या आंबिलीसारखा. नसेल तर साका पांढराफटक, ताकासारखा. आकडा नंतर ब्युरेटवर मिळतो, पण निम्मा निकाल तिथं काठावरच लागलेला असतो. लायोश विंक्लर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं ही रीत 1888 मध्ये काढली. आता मीटर आले आहेत, काडी बुडवली की आकडा दिसतो. मला बाटली बरी वाटते. मीटरवरचा शून्य बघून कुणी दचकत नाही, पांढरी बाटली बघून दचकतात.

गेल्या मार्गशीर्षात उजनीकाठी राहणाऱ्या भाच्याचा फोन आला. "मामा, पेपरात आलंय, नदीचं पाणी सुधारलं म्हणून. हितं तर हिरवंगार हाय. खरं कुणाचं?"

मी म्हणालो, दोघांचंही खरं असेल. त्याला ते पटलं नाही. मलाही फोनवर नीट सांगता येईना. शेवटी ठरलं की त्यानं त्याची पिकअप घेऊन पुण्याला यायचं, आणि आठ बाटल्या घेऊन आम्ही मुठेच्या उगमाकडून निघून पंढरपूरपर्यंत जायचं.

यात माझा एक स्वार्थही होता. मी मूळचा भीमाकाठचा, इंदापूर तालुक्यातला. आमचं जुनं गाव पळसदेवच्या शेजारी होतं, उजनी धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलं. पळसनाथाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, आमच्या घराच्या भिंती मात्र कधीच विरघळल्या. नोकरीसाठी मी पुण्याला आलो आणि सिंहगड रस्त्याला राहिलो. म्हणजे रोज सकाळी मी मोरीत जे पाणी सोडतो ते मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत जातं आणि यथावकाश माझ्याच गावावर साठतं.

पहिली बाटली टेमघर धरणाच्या वरच्या अंगाला, एका ओढ्यात भरली. सकाळचे सात वाजले होते, पाणी बोटं बधिर करणारं. इथलं पाणी म्हणजे थोड्या महिन्यांपूर्वीचा पाऊसच, सह्याद्रीच्या काळ्या कातळातून झिरपून आलेला. त्यात क्षार इतके कमी की साबण लावून हात धुतले तर बुळबुळीतपणा जाता जात नाही. भाच्याला एक गोटा उलटा करायला सांगितला. खालच्या बाजूला तीन शेपट्यांचे चपटे किडे सैरावैरा पळाले. त्यांच्या पोटाच्या कडेला कल्ले असतात, पिसासारखे. दुसऱ्या गोट्याला वाळूच्या कणांची नळी चिकटलेली होती, तिच्यात एक अळी राहते. ती रेशमानं कण शिवून आपलं घर बांधते. हे प्राणी प्राणवायू कमी झालेला सोसत नाहीत, पहिल्यांदा तेच जातात. माझ्याकडे बाटल्या नसत्या तरी या दोन गोट्यांवर मी सांगितलं असतं की पाणी उत्तम आहे. बाटली गडद तपकिरी झाली.

दुसरी खडकवासल्याच्या काठावर भरली. तीही तपकिरीच, थोडी उजळ. खडकवासला धरण 1879 मध्ये पुरं झालं. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटलं तेव्हा त्याचा लोंढा याच धरणाला तोडून पुण्यात घुसला. कणसं आणि कांदाभज्यांच्या गाड्या लागायच्या होत्या, त्यामुळे आम्ही तिथं थांबलो नाही.

खरी गोष्ट खडकवासल्याच्या भिंतीखाली सुरू होते. पावसाळ्याचे महिने सोडले तर या धरणातून नदीत पाणी जवळजवळ सोडतच नाहीत. ते उजव्या कालव्यात आणि जलवाहिनीत जातं, पर्वतीच्या जलकेंद्रात शुद्ध होतं आणि आमच्या नळाला येतं. माणशी रोज 135 लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा मान्य मापदंड आहे, आणि वापरलेल्या पाण्यापैकी 80 टक्के सांडपाणी होतं असं अभियंते धरून चालतात. म्हणजे माझ्या एकट्याच्या नावावर रोज 108 लिटर. कोरडी पडलेली मुठा शहरात शिरते तेव्हा तिला पहिली भेट मिळते ती हीच. विठ्ठलवाडीच्या देवळामागे पात्रात जे वाहतं ते टेमघरच्या ओढ्यातलंच पाणी आहे, फक्त आमच्या घरांतून फिरून आलेलं. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. मूळ तर मी सकाळीच बघून आलो होतो, त्यात विचारू नये असं काहीच नव्हतं.

सांडपाण्यातली घाण विषारीच असते असा समज आहे. कारखान्यांचं सोडा, पण घरगुती सांडपाण्यातला बहुतेक ऐवज अन्नाचा असतो: भाताचं पाणी, तेल, विष्ठा, साबण. नदीतले जिवाणू तो खातात, आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. त्यांची भूक किती, हे मोजण्याच्या चाचणीला बीओडी म्हणतात. नमुना अंधारात ठेवायचा आणि काही दिवसांनी किती प्राणवायू संपला ते बघायचं. जगभर हे 20 अंशांवर पाच दिवस करतात. आपल्याकडे 27 अंशांवर तीन दिवस, कारण आपलं पाणीही तितकं गरम आणि आपले जिवाणूही तितके घाईचे. कच्च्या घरगुती सांडपाण्याची भूक लिटरला 200 मिलिग्रॅमच्या आसपास असते. आणि 25 अंशांच्या स्वच्छ पाण्यात प्राणवायू मावतो लिटरला फक्त 8 मिलिग्रॅमच्या आसपास. भाच्यानं भागाकार केला. एक लिटर सांडपाणी पंचवीस लिटर चांगल्या पाण्याचा प्राणवायू खाऊन टाकतं.

"आणि इथं चांगलं पाणी कुठाय?" त्यानं विचारलं.

हाच तर मुद्दा होता. विठ्ठलवाडीची बाटली मळकट पांढरी झाली.

इथं मला माझी जुनी फजिती सांगितली पाहिजे. नोकरीत नवा होतो, सरांनी मुळा-मुठेचा नमुना आणायला पाठवलं. बंधाऱ्याखाली उतरायला पायऱ्या होत्या, तिथं पाणी कोसळत होतं, वासही कमी होता. मी तिथंच बाटली भरली. प्रयोगशाळेत बाटली छान तपकिरी झाली आणि मी खूष. सर माझ्याकडे बघत म्हणाले, "बंधाऱ्यानं फेटलेलं पाणी आणून नदीला पास करतोस?" पाणी उंचीवरून पडतं, फुटतं, तेव्हा हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो. बंधाऱ्याच्या पाचशे मीटर वर नदी मेलेली असू शकते आणि खाली वीस पावलांवर बरी दिसू शकते. त्या दिवसापासून नोंदवहीत "मुळा-मुठा" एवढंच लिहिणं मी बंद केलं. कुठला काठ, काठापासून किती अंतरावर, किती खोल, किती वाजता, हे सगळं लिहायचं. संगमावर तर एकाच ओळीतले दोन नमुने वेगळे येतात. मुळा आणि मुठा तिथं मिळतात, पण लगेच मिसळत नाहीत. बरंच अंतर शेजारी शेजारी वाहतात, एकमेकांशी अबोला धरल्यासारख्या.

फेसाचंही असंच आहे. इंद्रायणीवर आळंदीला पांढरा फेस आला की फोटो छापून येतात आणि वारकऱ्यांना वाईट वाटतं. साबणाची आणि धुण्याच्या पावडरींची रसायनं वरूनच पाण्यात मिसळून येत असतात, संथ पात्रात ती दिसत नाहीत. बंधाऱ्यावर पाणी घुसळलं की त्यांचं बिंग फुटतं. आळंदीचा फेस आळंदीचा नसतो.

मुंढव्याला पोचेपर्यंत अकरा वाजले होते. संगमानंतर नदीला पवना-मुळेचं पाणी मिळालेलं असतं, म्हणजे पिंपरी-चिंचवडचंही, आणि शहरातले मोठे नाले ओतून झालेले असतात. पाणी काळं दिसतं. मुळात ते काळं नसतं, तळाचा गाळ काळा असतो. प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू ताबा घेतात, ते सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास त्याचाच, आणि लोहाशी मिळून गाळ काळा करणारंही तेच. काठाजवळ राहणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना चांदीची निरांजनं दर पंधरवड्याला घासावी लागतात. काठाच्या चिखलात केसासारख्या बारीक, लाल अळ्या वळवळत होत्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल. असेल नसेल तेवढा प्राणवायू त्या रक्तात धरून ठेवतात. टेमघरच्या तीन शेपट्यांच्या किड्यांना इथं दोन मिनिटं काढता आली नसती, या अळ्यांचा इथं सुकाळ. चौथी बाटली ताकासारखी पांढरी झाली. भाच्यानं ती हातात घेतली, उन्हात धरली आणि काही न बोलता क्रेटमध्ये ठेवली.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं शहरात आहेत, नवीही होत आहेत. त्यांच्यावर टीका करण्यात मला रस नाही. केंद्र काय करतं? हवा फुंकून तेच जिवाणू पाळतं आणि नदीनं जे काम करायचं ते टाकीत उरकतं. प्रश्न एवढाच की जे पाणी टाकीत शिरतच नाही, परभारे नाल्यातून नदीत येतं, त्याचं काम नदीच्या गळ्यात पडतं. आणि टाकीतून निघालेल्या पाण्यातही नायट्रोजन आणि फॉस्फरस बरेचसे शिल्लक असतात. त्यांची आठवण पुढे होते.

थेऊरला चिंतामणीचं दर्शन घेतलं आणि नदीवर गेलो. नदी दिसली नाही, जलपर्णी दिसली. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवा गालिचा, वर जांभळी फुलं, फोटो काढण्यासारखी. खाली उजेड नाही, वारा लागत नाही. बाटली भरायला पानं बाजूला सारावी लागली. साका पांढऱ्याकडे झुकलेला, पण त्यात चहाचे दोन थेंब पडावेत इतका रंग. भाच्याला वाटलं माझी नजर चुकते आहे. मी म्हणालो, नाही, नदी सावरायला लागली आहे.

नदी सावरते, हे आपण विसरलो आहोत. 1925 मध्ये अमेरिकेतल्या स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी ओहायो नदीवरच्या कामातून याचं गणित मांडलं. सांडपाणी मिसळलं की प्राणवायू लगेच तळाला जात नाही. जिवाणू वाढायला वेळ लागतो, पाणी तोवर पुढे जातं, म्हणून सर्वांत वाईट जागा नाल्याच्या तोंडाशी नसून बरीच खाली असते. तिथून पुढे खाणं संपत येतं, हवेतून प्राणवायू मिसळत राहतो, आणि आकडा परत चढतो. कागदावर काढलं तर बाळाच्या झोळीसारखा आकार येतो, दोन्ही टोकं वर, मधे झोळ. झोळ किती खोल आणि किती लांब, हे पाण्याच्या वेगावर, खोलीवर आणि उष्णतेवर ठरतं. पाणी 20 अंशांवरून 30 वर गेलं की कुजण्याचा वेग सुमारे दीडपट होतो, आणि प्राणवायू मावतो मात्र कमी. म्हणून तेच सांडपाणी, तीच जागा, आणि एप्रिलमधली झोळी डिसेंबरपेक्षा खोल.

झोळीचं दुसरं टोक वर यायला मोकळी नदी लागते, मधे कुणी आणखी काही न ओतता. आमच्या नदीला एका शहराचं पचायच्या आत दुसऱ्या गावाचं वाढलेलं असतं.

आणखी एक गोष्ट इथंच सांगतो, कारण लोकांचा हमखास घोटाळा होतो. गढूळ पाणी म्हणजे घाण आणि नितळ म्हणजे स्वच्छ, असं नाही. जुलैत नदीला तांबडं पाणी येतं, त्यात हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत, पण त्यात प्राणवायू भरपूर असतो, कारण ते उसळत आलेलं असतं आणि सांडपाणी पातळ झालेलं असतं. अपवाद पहिल्या पुराचा. आठ महिने साचलेला काळा गाळ जूनच्या पहिल्या लोंढ्यात उचलला जातो, आणि त्या दिवशी खालच्या डोहांत मासे उताणे पडतात. लोक म्हणतात कुणीतरी मळी सोडली. कधी कधी ते खरंही असतं. कधी कधी फक्त पाऊस झालेला असतो.

दौंडला, भीमेत, बाटली तपकिरी झाली. फिकट, पण शंका नको इतकी. इथवर भीमेला तिचं स्वतःचं पाणी, तुळापूरला मिळालेली इंद्रायणी आणि मुळा-मुठा, सगळं एकत्र झालेलं असतं. भाच्याचा चेहरा खुलला. "म्हंजे पेपरवाल्याचं खरं की!" एवढ्या एका बाटलीवर बातमी करायची तर खरं. पण प्राणवायू परत आला म्हणजे आलेली वस्तू गेली असं होत नाही. सांडपाण्यातला नायट्रोजन जिवाणूंनी नायट्रेट करून ठेवलेला असतो, फॉस्फरस विरघळलेला असतो. पाण्याचा वास गेला, रंग गेला, आणि त्यात उरलं ते खत. दौंडहून जे पुढे जातं ते पातळ युरिया-सुपर फॉस्फेटच समजा. शिवाय वाटेत उसाच्या रानांतून निचरा येऊन मिळतो तो वेगळा.

हे खत जिथं थांबतं ती जागा म्हणजे उजनी.

पळसदेवला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. ऊन डोक्यावरून कललेलं, लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग. भिगवण-कुंभारगावला त्यांना बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. ते येतात कारण इथल्या चिखलात आणि शेवाळात त्यांचं खाणं आहे. स्वच्छ टेमघरच्या ओढ्यात रोहित उपाशी मरेल. पाणी वाटाण्याच्या सारासारखं हिरवं होतं, काठाला दाट साय आलेली. बाटली भरली, रसायनं घातली, आणि साका असा गडद झाला की भाचा दोन पावलं मागे सरला. टेमघरच्या बाटलीपेक्षा गडद!

त्याच्या घरी ओट्यावर मी ब्युरेटचा स्टँड मांडला. बहिणीची नातवंडं गोळा झाली. आम्ल घातलं की साका विरघळतो आणि पाणी सोनेरी होतं, ते आयोडीन. जितका प्राणवायू तितकं आयोडीन. मग त्यात स्टार्च घालायचा, रंग गर्द निळा होतो, आणि वरून हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, थेंब सोडत निळा नाहीसा होईपर्यंत मोजायचे. नेमका स्टार्च मी घरी विसरलो होतो. बहीण म्हणाली, "दादा, साबुदाण्याचं पाणी चालंल का? उद्या चतुर्थीसाठी भिजवलाय." तिच्याकडून मूठभर घेऊन उकळवला आणि पेज गाळून घेतली. उत्तम चाललं. 200 मिली नमुना आणि ठरावीक ताकदीचा हायपो असला तर जितके मिली उतरले तितकेच लिटरला मिलिग्रॅम, गणित करावं लागत नाही. पोरं एक-दोन-तीन मोजत होती. पळसदेवच्या बाटलीला टेमघरपेक्षा जास्त हायपो लागला, हवेतून जेवढा प्राणवायू पाण्यात मावू शकतो त्याच्याही वर. मुंढव्याच्या बाटलीत पेज घातली तर निळं झालंच नाही. धाकटी म्हणाली, "आजोबा, ह्यो प्रयोग बिघडला."

मी तिला म्हणालो, पहाटे साडेपाचला ऊठ.

पहाटे आम्ही त्याच जागी गेलो. बाटली रात्री धुऊन ठेवलेली, दोन नंबरची. एक मच्छीमार होडी काढत होता. चिलापी वर येऊन तोंड उघडत होत्या, पाण्यावर पाऊस पडल्यासारखे बारीक वर्तुळांचे ठिपके. तो म्हणाला, पहाटेचा मासा असाच असतो, धाप लागल्यागत. साका फिकट आला, जेमतेम बदामी. काल दुपारी जिथं पाण्याला प्राणवायू जड झाला होता तिथं चौदा-पंधरा तासांत चणचण. कारण हिरवेपणा म्हणजे कोट्यवधी सूक्ष्म वनस्पती. दिवसा त्या प्राणवायू तयार करतात, रात्री आपल्यासारखाच श्वास घेतात. रात्रभर सगळ्यांचं घेणं चालतं, देणं कुणाचंच नाही. मग दोरीला दगड बांधून एक नमुना तळाकडून काढला. तो पांढरा होता.

म्हणजे एकाच जागेला, एका दिवसात, तिन्ही रंग. पाण्याचा नमुना कुणी दुपारी तीनला वरून घेतला तर उजनी टेमघरला मागे टाकते. पहाटे तळातून घेतला तर ती मुंढव्याच्या पंगतीला बसते. दोघंही नियमानंच वागलेले असतात.

उजनीची साठवण 117 टीएमसी सांगतात. त्यातला निम्म्याहून अधिक, 63 टीएमसीच्या वर, मृतसाठा आहे. दरवाजांच्या पातळीखालचं पाणी. उन्हाळ्यात सोलापूरकडचे पेपर "उजनी उणे 30 टक्के" छापतात तेव्हा या साठ्यातून उपसा चाललेला असतो. तळातला गाळ मात्र कुठंच जात नाही. त्याच्यात फॉस्फरस बसलेला असतो, आणि तळाचा प्राणवायू संपला की गाळ तो परत सोडतो. म्हणून पुण्यानं उद्या सकाळी सगळे नाले बंद केले तरी परवा उजनी नितळ होणार नाही. धरण वर्षानुवर्षांचं देणं हळूहळू फेडत राहील. हे मी निराशेनं म्हणत नाही. उपाय करणाऱ्यांनी दोन वर्षांनी हिरवं पाणी बघून "काही उपयोग झाला नाही" म्हणू नये, एवढ्यासाठी म्हणतो.

पंढरपूरला जायला दुपार झाली. उजनी ही एका अर्थी नदीची सर्वांत मोठी गाळण-टाकी आहे. भिंतीखाली पाणी नितळ येतं, नरसिंगपूरला नीरा मिळते. पण चंद्रभागेत पाणी असणं-नसणं उजनीतून सोडलेल्या आवर्तनावर. त्या दिवशी थोडी धार होती. आठवी बाटली व्यवस्थित तपकिरी झाली. शेजारी एक म्हातारी ओंजळीनं पाणी तोंडावर घेत होती, तिनं विचारलं, "चांगलं हाय ना, बाबा?"

इथं माझी बाटली गप्प बसते. प्राणवायू चांगला म्हणून पाणी निर्जंतुक असं नाही. जंतूंची चाचणी वेगळी. दुधातल्या साखरेचं द्रावण नळ्यांत घालून, त्यात थेंब थेंब पाणी टाकून 48 तास उबेत ठेवतात. आतल्या उलट्या छोट्या नळीत वायूचा बुडबुडा धरला की समजायचं, माणसाच्या किंवा जनावराच्या आतड्यातले जिवाणू असावेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत अंघोळीच्या पाण्याला 100 मिलीत असे 500 जिवाणू चालतात, प्राणवायू मात्र लिटरला 5 मिलिग्रॅम हवा. शुद्धीकरण केंद्रात पाठवायच्या पाण्याला 5000 जिवाणू चालतात, कारण ते पुढे मरणारच आहेत, आणि प्राणवायू 4 पुरतो. शेतीच्या पाण्याला प्राणवायूची अटच नाही, तिथं क्षार बघतात. म्हणजे "पाणी चांगलं आहे का" याचं उत्तर कुणासाठी, हे विचारल्याशिवाय देता येत नाही. मी म्हातारीला म्हणालो, "अंघोळ करा, आजी, पण चूळ भरू नका." तिनं चूळ भरली.

परतताना भाच्यानं बातमीचा विषय परत काढला. मी त्याला सांगितलं की मंडळसुद्धा अख्ख्या नदीला प्रदूषित म्हणत नाही. ते पट्टे मोजतं, अमुक गावापासून तमुक गावापर्यंत. 2022 च्या अहवालात देशात असे 311 पट्टे होते आणि त्यांतले 55 महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. तेव्हा पेपरात नदीबद्दल काही आलं तर नमुना कुठल्या पट्ट्यातला, कुठल्या महिन्यातला आणि किती वाजताचा, हे वाचायचं. लिहिलेलं नसेल तर पेपराला पोस्टकार्ड टाकायचं. तो म्हणाला पोस्टकार्ड कुठं मिळतंय आता.

रात्री त्याच्याकडे मुक्काम केला. ओट्यावर बाटल्या धुतल्या, आधी आम्लानं, मग बोअरच्या पाण्यानं. शेवटचं विसळायला शुद्ध पाणी लागतं, कॉलेजात त्याला ऊर्ध्वपातित पाणी असायचं. इथं भाच्यानं घरातून निळा जार आणून दिला, वीस लिटरचा, फिल्टरच्या पाण्याचा. सकाळी टेम्पो येतो आणि दारोदार देऊन जातो. ओट्यावरून धरणाचं पाणी दिसतं, चांदण्यात तर काठापासून काठापर्यंत. त्याच्या घराला आठवड्याला चार जार लागतात, पाहुणे असले तर पाच.